नांव घेणें

आपल्या भाषेंत ‘नांव’ या शब्दाशीं जीं क्रियापदें जोडलीं जातात, तीं मोठीं मौजेचीं आहेत. पुरुष नांव कमावतो, नांव काढतो, प्रसंगीं बापाचें नांव बुडवितोहि. स्त्री मात्र नांव घेते; आणि तें स्वतःचें नव्हे, हें सांगावयास नको. चारचौघी मिळून नव्या सुनेला ‘नांव घे’ म्हणून आग्रह करूं लागल्या, आणि तिनें भाबडेपणानें आपलेंच नांव सांगितलें, तर सारें घर हंसेल. तिनें नवऱ्याचें नांव यमकांत गुंफून, थोडें लाजून, पण ठसक्यांत घ्यावयाचें असतें. साठ-पासष्ट वर्षें हा प्रकार मीं पाहिला. मंगलकार्याच्या पंगतींत त्याची चवहि चाखली. परंतु त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे, असें माझ्या मनांत कधीं आलें नाहीं. तें गेल्या कोजागिरीच्या रात्रीं आलें, आणि तेंहि अमेरिकेंतील तीन मुलींच्या एका गाण्यामुळें आलें, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. मलाहि वाटलें.

माझ्या आईचें माहेर कौंडण्यपूर. अमरावती जिल्ह्यांतील तिवसा तालुक्यांत, वर्धा नदीच्या कांठीं हें गांव आहे. पलीकडचा तीर वर्धा जिल्ह्याचा. विदर्भराज भीष्मकाची राजधानी ती हीच आणि रुक्मिणीचें माहेर तें हेंच, अशी परंपरेची श्रद्धा. ज्या देवीच्या देवळांतून श्रीकृष्णानें रुक्मिणीला रथांत घातलें, तें देऊळ आमचेंच, असें कौंडण्यपूरचे लोक सांगतात. अमरावतीचे लोक तोच मान आपल्या अंबादेवीला देतात. या वादांत मी पडत नाहीं, कारण माझें घर अमरावतीला आहे आणि आजोळ कौंडण्यपूरला. येथून रुक्मिणीची पालखी दर आषाढींत पंढरपुरास जाते. १५९४ पासूनची ही प्रथा, असें सांगतात. एक लेक दरवर्षीं माहेराहून सासरीं निघते आणि सारें गांव तिला वेशीपर्यंत पोंचवावयास जातें. माझी आई लहानपणापासून हें पाहत आली. ‘रुक्मिणीले तरी सालोसाल माहेर भेटते,’ असें ती कधीं कधीं म्हणे. तिचें वाक्य एवढेंच असे. पुढचें आम्हीं समजून घ्यावयाचें.

गेल्या कोजागिरीस आईनें कौंडण्यपुरास जाण्याचा हट्ट धरला. तिचें वय आतां अठ्ठ्याऐंशी. डोळ्यांना कमी दिसतें. कान मात्र शाबूत. मामांच्या वाड्यांत आतां मामा नाहींत, मामेभाऊ आहेत. पण भुलाबाई अजून बसते. वऱ्हाडांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. भुलाबाई आणि भुलोजी म्हणजे पार्वती आणि शंकर. मातीच्या रंगवलेल्या मूर्ति. वर ज्वारीच्या पांच धांड्यांचा मांडव. महिनाभर संध्याकाळीं घरोघर टिपऱ्यांच्या तालावर गाणीं म्हणावयाचीं, शेवटीं झांकलेला डबा हालवून आंत खाऊ कोणता तें ओळखावयाचें, आणि मग तो खावयाचा. त्या रात्रीं वाड्याच्या अंगणांत आठ-दहा मुली होत्या. पूर्वीं पंचवीस-तीस असत, असें आई म्हणाली.

गाणीं संपलीं, दूध आटावयास ठेवलें, आणि माझ्या बहिणीची नात पुढें झाली. ती अमरावतीला महाविद्यालयांत शिकते. तिनें खिशांतून मोबाइल आणि मुठीएवढा स्पीकर काढला. ‘आतां आमची भुलाबाई ऐका,’ असें म्हणून तिनें जें सुरू केलें, तें ऐकून तुळशीजवळ झोंपलेलें कुत्रें उठून बाहेर गेलें. मीहि जाणार होतों. पण खुर्चीवरून उठावयास मला वेळ लागतो.

हा ‘रॅप’ नांवाचा प्रकार. याला गाणें म्हणावें कीं नाहीं, याविषयीं पंडितांचें एकमत होणें कठीण. सूर थोडा, ताल पक्का, यमकांची लयलूट, आणि शब्द गावयाचे नाहींत, तालावर बोलावयाचे. आमच्या पोवाड्यांत शाहीर मध्येंच डफावर हात राखून गद्याचा जो झपाटा मारतो, तोच सबंध गाणेंभर चालला आहे, असें समजावें. साहित्यशास्त्रांत ज्या कोमल, प्रसन्न रीतीला ‘वैदर्भी’ म्हणतात, तिच्याशीं याचें दूरचेंहि नातें नाहीं. आणि तें ऐकूं येत होतें प्रत्यक्ष वैदर्भीच्या माहेरीं!

पहिलें गाणें मुंबईच्या मुलींचें होतें. २०२० नंतर मुंबईंत ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ या नांवाचा केवळ स्त्रियांचा हिप-हॉप समूह उभा राहिला आहे. त्यांतील एकीनें ‘क्रांतिनारी’ असें नांव घेतलें आहे, तर दुसरी ‘एमसी महिला’ म्हणविते. एमसी म्हणजे समारंभाचा सूत्रधार. रॅप म्हणणाऱ्यास ही पदवी लावण्याचा त्यांच्यांत प्रघात आहे. कोणी मराठींत बोलते, कोणी हिंदींत, कोणी दाक्षिणात्य भाषेंत. नंतर मुलीनें दुसरें गाणें लावलें. ‘आबा, ही या सगळ्यांची मूळ आजी,’ ती मला म्हणाली.

तें गाणें ‘फंक यू अप’. नांवांत किंचित् चावटपणा आहे, तो मी वाचकांच्या इंग्रजीवर सोंपवितों. १९७९ सालीं निघालेली ही ध्वनिमुद्रिका. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांतील गरीब वस्तींत हा सारा प्रकार जन्मला आणि पहिलीं कांहीं वर्षें गल्लीबोळांतच वाढला. १९७९ सालीं ‘शुगरहिल गँग’ या तीन तरुणांच्या ‘रॅपर्स डिलाइट’नें तो घरोघर नेला. हे तरुण दक्षिण कॅरोलायना संस्थानांतील कोलंबिया या शहरीं कार्यक्रमास गेले असतां तेथील तीन मैत्रिणी कशाबशा रंगमंचाच्या मागें शिरल्या, आणि ध्वनिमुद्रण-संस्थेच्या चालक सिल्व्हिया रॉबिन्सन यांना त्यांनीं आपलें म्हणणें म्हणून दाखविलें. बाईंना तें आवडलें. ‘द सीक्वेन्स’ हें त्या त्रयीचें नांव. शेरिल कुक, ग्वेंडोलिन चिझम आणि अँजी ब्राउन या त्या तिघी. वर्ष संपण्यापूर्वीं त्यांची ध्वनिमुद्रिका बाजारांत आली, आणि अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या क्रमवारींत पंधराव्या स्थानापर्यंत चढली. केवळ स्त्रियांच्या रॅप-मंडळीनें काढलेली पहिली गाजलेली ध्वनिमुद्रिका ती हीच. शाळेच्या मैदानावर आपल्या संघाला चेतविण्यासाठीं मुली टाळ्यांच्या तालावर ज्या आरोळ्या देतात, त्या देण्याचा या मैत्रिणींना सराव होता, आणि त्या आरोळ्यांचा ठेका गाण्यांत स्पष्ट ऐकूं येतो. म्हणजे तेथेंहि प्रथम अंगण, टाळ्या आणि मुलींचा घोळका, ध्वनिमुद्रिका मागाहून.

आई कान देऊन ऐकत होती. तिला इंग्रजीचें एक अक्षर येत नाहीं. परंतु एक जण बोलते, थांबते, मग दुसरी तिची जागा घेते, बाकीच्या धृपद धरतात, ही रचना तिच्या ओळखीची होती. मध्येंच ती म्हणाली, ‘काय वं पोरी, ह्या नाव घेऊन राहिल्या काय?’

मुलगी चमकली. ‘हो आजी! तुला कसं कळलं?’

‘ठसक्यावरून कळते ना वं. कोणाचं नाव घेऊन राहिल्या?’

‘आपापलंच. ही म्हणते मी अँजी बी, ती म्हणते मी शेरिल द पर्ल, तिसरी ब्लाँडी. आणि आपल्यासारखं कोणालाच जमत नाही, असं सांगतात.’

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनें विचारलें, ‘आपलंच? आन् कोणी रागावलं नाही?’

सारे हंसले, मीहि हंसलों. आई हंसली नाहीं. तिच्या प्रश्नाला उत्तर हवें होतें, हें माझ्या लक्षांत यावयास अर्धा तास लागला.

येथें मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९८४ च्या सुमारास मी नुकताच अध्यापक झालों होतों, आणि लोकसाहित्याचें वारें माझ्या अंगांत शिरलें होतें. त्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत मीं आईला समोर बसवून भुलाबाईचीं सव्वीस गाणीं उतरवून घेतलीं आणि टीपांसह एका मासिकास धाडलीं. मासिकानें तीं छापलीं. लेखावर माझें नांव होतें. प्रस्तावनेंत मीं लिहिलें होतें कीं, हीं गाणीं म्हणजे अनाम, अशिक्षित स्त्रीमनाचा सामुदायिक आविष्कार होय. ‘अनाम’ हा शब्द मला तेव्हां फार काव्यमय वाटे. गाणीं जिनें सांगितलीं, ती स्वयंपाकघरांत माझ्यासाठीं भाकर थापीत होती आणि तिचें नांव मला चांगलें ठाऊक होतें, हें माझ्या ध्यानांतहि आलें नाहीं. मानधनाची मनीऑर्डर आली, तीहि माझ्याच नांवें. मीं त्या पैशांतून आईला लुगडें घेतलें, आणि आपण कर्तव्य केलें असें मानलें.

त्या सव्विसांत एक गाणें वर्धेच्या पुराचें आहे. पूर ओसरला, सगळ्यांच्या भुलाबाया मांडून झाल्या, आणि एका मुलीच्या मांडवाचीं धांडीं साऱ्या गांवांत उंच ठरलीं, अशी त्यांत प्रौढी आहे. शेवटच्या ओळींत तीं धांडीं आणून देणाऱ्या भावाचें नांव येतें. त्या ओळीखालीं माझी टीप आहे. तींत मीं वऱ्हाडांतील भगिनींच्या भ्रातृप्रेमाविषयीं एक परिच्छेद लिहिला आहे. तो मला आजहि पाठ आहे, कारण पुढें कितीतरी व्याख्यानांत मीं तो वापरला.

दूध पिऊन झाल्यावर मुली पांगल्या. आई ओट्यावर बसली होती. चंद्र माथ्यावर आला होता आणि नदीच्या बाजूनें गार वारा सुटला होता. मीं तिला सहज विचारलें, ‘आई, कोणी रागावलं नाही का, असं तू काहून विचारलं?’

‘मले रागावले होते ना, भाऊ,’ ती म्हणाली.

पुराचें तें गाणें तिनें स्वतः केलें होतें. तेव्हां ती अकरा वर्षांची होती. पूर खरा होता आणि धांडींहि खरीं होतीं. शेतांतून तीं तिनेंच उपटून, डोक्यावर वाहून आणलीं होतीं. भाऊ तेव्हां पाळण्यांत होता. गाण्याच्या शेवटीं तिनें आपलें नांव घातलें होतें. पहिल्या दिवशीं मुलींनीं तें मोठ्यानें म्हटलें, आणि आंतून तिची काकू बाहेर आली. पोरीच्या जातीनें आपलें नांव असें चावडीवर घ्यावें काय, म्हणून ती संतापली. दुसऱ्या दिवशींपासून त्या जागीं पाळण्यांतल्या भावाचें नांव आलें. मात्रा जुळल्या. मुलींना फरक पडला नाहीं. गाणें तसेंच गांवांत राहिलें, पुढें शेजारच्या गांवांत गेलें, आणि छत्तीस वर्षांनीं मासिकांत छापून आलें, माझ्या टीपेसह.

‘मग तेव्हा मला सांगितलं का नाही?’ मीं विचारलें.

‘तू विचारलं कुठी? तू म्हणे, आई, सांग, मी लिहितो.’

मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं. अंथरुणावर पडल्या पडल्या मीं माझ्या बाजूनें वकिली करून पाहिली. अनामिकपणांत कांहीं सौंदर्य नाहीं काय? ओवी कोणाचीच नसते म्हणून ती सर्वांची होते. जिच्या घरीं जातें असेल तिची होते. प्रत्येकीनें आपल्या नांवाची पाटी लावली असती, तर हीं गाणीं इतक्या घरांतून फिरलीं असतीं काय? या युक्तिवादांत तथ्य आहे, असें मला अजून वाटतें. हिप-हॉपमधील ‘मी, मी’चा सततचा घोष माझ्या कानांना आजहि सोसत नाहीं. परंतु ही वकिली करणाऱ्यानें स्वतःचें नांव लेखावर ठसठशीत छापून घेतलें होतें. अनामिकतेचें सौंदर्य मला दुसऱ्याच्याच बाबतींत दिसलें होतें.

शिवाय, आपलें नांव आपल्या गाण्यांत घालणें हें मराठीला परकें थोडेंच आहे? आमच्या संतांनीं अभंगाच्या शेवटीं नाममुद्रा घातली. तुकोबांनीं घातली, नामदेवांनीं घातली. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांनींहि घातली. जनाबाईनें तर दळतां-कांडतां रचलेल्या पदांत ती घातली. मात्र आपलें नांव पुष्कळदां नामदेवांच्या नांवाच्या आधारानें उभें केलें. कौंडण्यपूरच्या याच रुक्मिणीवर नरेंद्र कवीनें तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचलें. तें ऐकून रामदेवराव यादव असा लुब्ध झाला, कीं सोनें घ्या आणि या ग्रंथावर माझें नांव घाला, असें तो म्हणाला. कवीनें नकार दिला, अशी कथा महानुभाव परंपरेंत सांगतात. ही कथा मीं वर्गांत तीस वर्षें अभिमानानें सांगितली. राजाला नाहीं म्हणणारा कवि मला आठवत असे. जिला कोणी विचारलेंच नाहीं, ती माझ्याच घरांत होती.

आणि खुद्द रुक्मिणी? भागवताच्या दशमस्कंधांत तिचा निरोप आहे. सारेंच सात श्लोक. पण त्यांत काय करावयाचें, केव्हां यावयाचें, कोणत्या देवळाजवळून न्यावयाचें, हें तिनें स्वतः सांगितलें आहे. बापानें नव्हे, भावानें तर नव्हेच. भाऊ रुक्मी विरुद्ध होता. आमचें गांव सबंध पुराणांत ज्या एका गोष्टीसाठीं ओळखलें जातें, ती गोष्ट म्हणजे एका मुलीनें स्वतःच्या तोंडानें बोललेले सात श्लोक. आणि त्याच गांवांत अकरा वर्षांच्या दुसऱ्या मुलीला एक शब्द बोलूं दिला नाहीं.

अमेरिकेंतील त्या मुलींनाहि कोणी ताट वाढून दिलें नव्हतें. ‘सॉल्ट-एन-पेपा’ ही दुसरी मंडळी मागाहून आली. त्यांचें ‘पुश इट’ हें गाणें १९८७ सालीं प्रथम ध्वनिमुद्रिकेच्या मागच्या बाजूस, दुय्यम म्हणून भरलें गेलें होतें. लोकांनीं तबकडी उलटून तेंच उचलून धरलें, आणि तें राष्ट्रीय क्रमवारींत एकोणिसाव्या स्थानीं गेलें. १९९५ सालीं त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळालें, तें ज्या गाण्याला मिळालें त्याच्या नांवाचा अर्थ ‘तुम्हांला काय करायचं?’ असा आहे. काकूला द्यावयाचें उत्तर, असें मला वाटून गेलें. ‘द सीक्वेन्स’मधील अँजी पुढें अँजी स्टोन या नांवानें मोठी गायिका झाली आणि मार्च २०२५ मध्यें अपघातांत गेली. तिच्या अठराव्या वर्षाच्या आसपासचा आवाज त्या रात्रीं आमच्या अंगणांत स्वतःचें नांव सांगत होता.

शेजारच्या खानदेशांतील एका मुलाचीहि मला आठवण झाली. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरांत वारल्या. त्यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवि. परंतु १९५२ सालीं पुस्तक निघालें तें ‘बहिणाबाईंचीं गाणीं’ म्हणून निघालें. हें किती साधें दिसतें! मला तें साधलें नाहीं.

सकाळीं मीं आईला म्हटलें, ‘आई, त्या गाण्याच्या शेवटी कोणतं नाव होतं?’ प्रश्न विचारतांना माझी जीभ जड झाली. लग्नांत ताटांतल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीनें जें नांव लिहिलें गेलें, तेंच मी जन्मभर शाळेच्या, बँकेच्या, शिधापत्रिकेच्या कागदांवर ‘आईचें नांव’ म्हणून लिहीत आलों. त्यापूर्वींचें नांव मला ठाऊक नव्हतें. मामा तिला ‘बाई’ म्हणत. इतर ‘आत्या’, ‘मावशी’, ‘काकू’. त्या नांवानें तिला हांक मारणारें माणूस आतां जगांत उरलें नव्हतें.

तिनें लगेच सांगितलें नाहीं. बहिणीच्या नातीला जवळ बोलावलें, टिपऱ्या आणावयास लावल्या आणि म्हणाली, ‘धर ठेका.’ मग ओट्यावर पाय खालीं सोडून तिनें पुराचें सबंध गाणें म्हटलें. आवाज फाटका झाला आहे. पण ताल चुकला नाहीं. शेवटची ओळ आली. भावाच्या जागीं तिनें आपलें नांव घेतलें, ठसक्यांत, आणि तें पुन्हां घेतलें, कारण मुलीनें टिपऱ्या थांबविल्या नाहींत. आंतून मामेभावाची सून हात पुसत बाहेर आली. ती रागावली नाहीं. तिनें विचारलें, ‘आत्याबाई, हे कोण वं?’

‘मी,’ आई म्हणाली.

अमरावतीस परत आल्यावर मीं जुन्या मासिकाचा तो अंक काढला. भ्रातृप्रेमाची टीप पुन्हां वाचली. ती दुरुस्त करावी, म्हणून हा लेख लिहिला आहे: त्या संग्रहांतील पुराचें गाणें अनाम नाहीं, तें माझ्या आईनें वयाच्या अकराव्या वर्षीं रचलें, आणि त्यांत येणारा भाऊ तेव्हां पाळण्यांत होता. उरलेल्या पंचवीस गाण्यांच्या शेवटीं कोणाकोणाचीं नांवें होतीं, हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. आईचें नांव येथें छापावें, अशी माझी फार इच्छा होती. मीं तिला विचारलें. या वेळीं विचारलें. ती म्हणाली, ‘छापू नको, भाऊ. तू छापशीन त मग ते तुह्यंच होईन. म्या घेतलं ना, झालं.’